धानावर टांगलेली मैफल

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो. लगेच नाक मुरडू नका. शेतात दोरीला लटकून पाखरं हाकलणाऱ्या माझ्या बहिणी तुम्ही पाहिल्या असतील. ते काम मीही केलं आहे आणि चोख केलं आहे. पण माझ्या पोटात एक अख्खी मैफल आहे. तिच्यात सात गाणी आहेत, एक गिटार आहे, हजारभर माणसांच्या टाळ्या आहेत आणि एक म्हैसही आहे.

माझा जन्म भंडाऱ्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात झाला, पण जीव माझा दिघोरीचा. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. सासरी गेलेल्या लेकी येतात, पाहुणे येतात, पाळणे आणि जिलेबीची दुकानं लागतात, रात्री नाटक होतं. बारा वर्षांपूर्वीच्या मंडईत नाटकाचा स्टेज दुपारी रिकामा होता. तो अतुल रामटेकेनं मागून घेतला.

अतुल तेव्हा चोवीस वर्षांचा होता. भीमगीतांच्या पार्टीत वाजवून वाजवून त्याचा हात तयार झालेला, आणि त्यात त्याला ब्लूज-रॉकचं वेड लागलेलं. हे असतं तरी काय, असं त्याच्या आईनं, विमलाबाईनं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, एक बाई गाणं टाकते आणि बाकीच्या झेलतात, तसंच हे. इथं माणूस टाकतो आणि गिटार झेलते. मनातलं दुखणं सांगायचं आणि सांगता सांगता हलकं व्हायचं. विमलाबाईला ते चटकन कळलं. चिखलात तिनं जन्मभर तेच केलं होतं.

त्या दुपारी साऊंड सर्व्हिसवाल्या तुलारामनं सगळा कार्यक्रम टिपून घेतला. तीच मी. पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्यात अतुलनं डोळे मिटले, तार अशी ओढली की समोरची माणसं जिलेबी खायची विसरली, आणि नेमका तेव्हाच माइकवर खणखणीत आवाज घुमला.

"सूचना आहे, सूचना आहे. उषाबाई जेथं असन तेथून तिनं घरी जावं. तिची म्हैस सुटली अन् तुलारामच्या पुंजण्यात घुसली."

पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाची रचलेली रास. आणि सूचना देणारा होता बाबुलाल, अतुलचा बाप. वीस वर्षं मंडईचा माइक त्याच्याच हातात होता. हरवलेलं पोर असो की सुटलेलं ढोर, बाबुलालनं पुकारलं की सापडलंच. समोर लेक वाजवतोय म्हणून म्हैस थांबणार होती थोडीच?

अतुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं बापाचं वाक्य जशाच्या तशा चालीत गिटारवर वाजवून दाखवलं, चिडवल्यासारखं. लोक खदखदून हसले. बाबुलालला वाटलं, पोरगं साथ देतंय. त्यानं पुन्हा पुकारलं, गिटारनं पुन्हा झेललं. असं तीनदा झालं. टाळ्या तर अशा पडल्या की माझ्यात त्या जागी आवाज फाटला आहे. स्वतःचं धान म्हशीच्या तोंडी जात असूनही तुलाराम मशीनपासून हलला नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पण अतुलला वाटलं, आपली मैफल नासली. तेवढा तुकडा काढून टाक म्हणून तो तुलारामच्या मागे लागला. तुलाराम म्हणाला, "सगळं एकातच टिपलं हाय ना बाबू. तुह्या बापाले काढलं तं तुही गिटारही जाते."

माझ्या चाळीस प्रती निघाल्या. अतुलच्या बहिणीनं, दीपमालानं, प्रत्येकीवर सुबक अक्षरात 'दिघोरी मंडई लाइव्ह' असं लिहिलं. एक वर्षभर मी खूप मिरवले. शहापूरच्या एका चहावाल्यानं मला इतकं वाजवलं की त्याची गिऱ्हाइकं म्हशीच्या सूचनेला कपबशी वाजवू लागली. अतुल मात्र मला कुणाला आपणहून द्यायचा नाही. पुढे तो नागपूरला गेला, गिटार शिकवू लागला, त्याला मुलगी झाली. तिचं नाव मनाली. सीडी वाजवणारी यंत्रंही घरोघरी बंद पडली आणि मी दिघोरीच्या घरी पेटीत जाऊन पडले.

मनाली वर्षाचीही नव्हती, तेव्हा बाबुलालच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. मनालीनं आजोबा पाहिले ते हातवारे करणारे, पाटीवर लिहिणारे. गावात जो भेटेल तो तिला सांगायचा की तुझ्या आबाजीचा आवाज बिनमाइकचा तळ्याच्या पाळीपर्यंत जायचा. ऐकून ऐकून पोर रडकुंडीला यायची, कारण तिनं तो एकदाही ऐकला नव्हता.

गेल्या दिवाळीत तिनं हट्टच धरला. मग सगळ्यांना माझी आठवण झाली. पेटी उघडली, तर मी पेटीत कुठे होते? धान लोंबीवर आलं तेव्हा विमलाबाईनं लग्नाच्या सीड्यांबरोबर मलाही भोकातून दोरी घालून बांधावर टांगलं होतं. चाळीसातली मी शेवटची, हे तिला तरी काय ठाऊक! दीड महिना मी ऊन खाल्लं, दव प्याले. पोपट मला भ्यायचे, याचा मला थोडा गर्वही झाला होता.

"मीच टांगली व माय," विमलाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. मनाली आणि अतुल बांधाकडे धावत सुटले. अतुलनं दोरी कापली, मला स्वच्छ पाण्यानं धुतलं, मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसलं. एवढ्या वर्षांत त्यानं मला इतक्या प्रेमानं कधी हातात धरलं नव्हतं.

वाजवणारं यंत्र उरलं होतं एकट्या तुलारामकडे, आणि त्याचे भोंगेही मंडईचेच, मोठाले. अंगणात सगळे बसले. मनालीनं आईचा मोबाइल टिपायला लावून ठेवला. पहिलं गाणं अडखळलं, दुसरं अर्धंच निघालं. तिसऱ्यात मी सगळा जीव एकवटला.

"सूचना आहे, सूचना आहे."

मनालीनं आजोबांचा हात घट्ट धरला. बाबुलालचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. दोन सूचना मी पूर्ण दिल्या, दोन्ही गिटारनं झेलल्या. तिसऱ्या वेळी 'उषाबाई'पाशीच मी अडकले आणि बंद पडले. मग अतुल उठला, त्यानं गिटार घेतली आणि बापाचं उरलेलं वाक्य वाजवलं. जेथं असन तेथून तिनं घरी जावं. एकूण एक शब्द कळत होता. बाबुलाल ओठ हलवत होता आणि गिटार बोलत होती. अतुलचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "बाबा, हेच तं ब्लूज होतं. मलेच समजलं नोतं."

एवढ्यात फाटकातून धापा टाकत उषाबाई आली. भोंग्यावरची सूचना ऐकून ती बिचारी मंडईसाठी लागलेल्या दुकानातून थेट गोठ्यावर धावली होती. म्हैस तर खुंट्याला रवंथ करत उभी. कोण्या मेल्यानं थट्टा केली, असं ती विचारणार, तोच तिला बाबुलाल दिसला.

"बाबुलाल बोलला म्हणून धावली मी," ती म्हणाली. "थो खोटं नाही बोलत कधी."

मग जे हसू फुटलं! बाबुलाल तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, बिनआवाजाचा. मनाली त्याच्या गळ्यातच पडली.

आता मी वाजत नाही, मित्रांनो. मोबाइलमध्ये टिपलेली माझी दोन पूर्ण सूचनांची मैफल गावभर फिरते, आणि यंदा मंडईत अतुल तिसरी सूचना स्टेजवर वाजवणार आहे. माझी तक्रार नाही. माझ्यासारख्या जुन्या तबकड्या तुमच्याही घरी असतील. त्या खुशाल धानावर टांगा, पाखरं नक्की भितील. फक्त टांगण्याआधी एकदा वाजवून बघा. आत कोण पुकारत असेल, सांगता येत नाही.