अडीच फुटांची पेटी

काकाने हातोड्याचा दुसरा घाव घातला तेव्हा पेटीची कड फुटली आणि लाकडाची एक ढलपी माझ्या बाळाच्या टोपीत रुतली. मी बाबांचा डबा घेऊन आले होते. डबा तिथेच टाकला आणि बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकले.

"लोकांना खेळणी ठेवायच्या पेट्या करून देतोस, नि सख्ख्या भावाला तुझा हात नाही?" काका बाबांवर ओरडला. "बघतोस काय? मार ना! पूर्वी आरशाला तडा गेला तर माणूस आडवा करायचास."

काका बाबांचा थोरला भाऊ. फर्निचरचं शोरूम दोघांनी मिळून उभं केलं होतं. नक्षी बाबांची, जीभ काकाची. आता एका हॉटेलचं मोठं काम आलं होतं आणि तशी नक्षी कोरणारा दुसरा कुणी सापडत नव्हता. बाबा मात्र या पत्र्याच्या शेडमध्ये शवपेट्या करत बसले होते. शेडच मोडली की भाऊ मुकाट परत येईल, असा काकाचा बेत.

"पाटीवर तुझं नाव माझ्या वर लावतो. अजून काय पाहिजे तुला?"

"मला पुरतंय, दादा."

"काय पुरतंय? हा गंजका पत्रा?"

त्याने पुन्हा हातोडा उगारला. पेटी वाचवायला बाबांनी हात मध्ये घातला. कडकन आवाज झाला. उजव्या हाताची तीन बोटं भलतीकडेच वळली आणि रक्त फळीवरून भुशात ठिबकू लागलं.

बाबांचा डावा हात वाकसाकडे गेला. फळ्या तासायचा तो वाकस, पातं कायम परजलेलं. आणि ते डोळे मला ओळखीचे होते.

मी सात वर्षांची होते. शोरूमच्या उद्घाटनाला, पाहुण्यांदेखत आई म्हणाली, "पुरे आता, घरी चला." एवढ्यावरून बाबांनी तिचा जबडा फोडला. तोंड तारेने बांधलेलं, तरी त्या रविवारी ती चर्चला आली. सगळे स्तोत्र गात होते आणि तिच्या घशातून नुसता हुंकार निघत होता. तो ऐकता ऐकता बाबा बाकावरून खाली घसरले, गुडघ्यांवर. सोमवारी शोरूमच्या किल्ल्या काकाच्या हातात दिल्या. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. आमच्या घरात मात्र पुन्हा कधी दारसुद्धा आपटलं नाही. शेवटच्या आजारातही आई चिडवायची, "इतके गप्प असता, घरात आहात की नाही ते येऊन बघावं लागतं."

वाकस वर गेला.

"बाबा!" मी किंचाळले. बाळाने भोकाड पसरलं.

काका मागे सरायचंही विसरला. बाबांचे ओठ हलत होते. शब्द ऐकू आले नाहीत, पण कुणाशी बोलत होते ते मला कळलं. मग त्यांनी सगळा जोर लावून वाकस खाली आणला. तो शेजारच्या ओंडक्यात रुतला, दांडा कितीतरी वेळ हलत राहिला.

"प्रभूने हे हात एकदा धुऊन दिलेत, दादा," ते धापा टाकत म्हणाले. "पुन्हा नाही मळवायचे. आणि चार वाजता पेटी न्यायला बाप येणाराय. दहा महिन्यांचं होतं."

काकाने पेटीकडे पाहिलं. मग माझ्या बाळाकडे.

"सांगायचंस ना रे..."

"विचारलंस कुठे?"

काका पायरीवर जाऊन बसला. मी बाळाचं दुपटं बाबांच्या बोटांभोवती आवळून बांधलं.

"आधी दवाखाना."

"चारनंतर."

बाळाला भुशाच्या ढिगावर बसवलं आणि जन्मात पहिल्यांदा रंधा धरला. "दाबू नकोस गं," बाबा म्हणत होते, "लाकडाला खाजवतेस की काय!" फुटलेली फळी बदलायची होती, दुसरं टोक सारखं उडत होतं. काका उठून आला आणि त्याने ते धरलं.

चारला तो तरुण बाप एकटाच आला. दुपट्यावरचं रक्त पाहून थबकला.

"हाताला काय झालं?"

"कामात लागतं कधीतरी."

काकाने मान खाली घातली.

ती बोटं पुढे सरळ झालीच नाहीत. नक्षी संपली. हॉटेलचं काम दुसऱ्यांकडे गेलं आणि काकाचं बोलावणं थांबलं. बाबा डाव्या हाताने रंधा मारायला शिकले. पहिली मोठी पेटी व्हायला तीन आठवडे लागले. झाल्यावर ते चपला काढून आत उतरले, आडवे झाले आणि डोळे मिटले. माझं बाळ कडेला धरून उभं राहिलं आणि आत डोकावू लागलं.

"कशी झालीय, बाबा?"

"ऐसपैस," ते डोळे न उघडता म्हणाले. "एका बाजूला जरा जास्तच."

आणि तसेच पडून राहिले, हसत.