दोन बाटल्या

माझी धाकटी बहीण तांब्याच्या खाणीची पर्यावरण अधिकारी आणि मी त्या खाणीवर नजर ठेवणारी सरकारी निरीक्षक. म्हणजे कायद्याने मी वरचढ. पण आईला हे कोण सांगणार? तिच्या तोंडी सदा धाकटीचा हुद्दा नि धाकटीचा गोड स्वभाव. माझ्या पोटात दुखतं, आणि ते मी लपवतही नाही. एकदा तरी आईने माझं नाव कौतुकाने घ्यावं, एवढंच मला हवं होतं. बहिणी म्हणून आमच्या नेमणुकांवर कुणी हरकत घेतली नाही. आमचं पटत नाही, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं.

राज्याचा नियम असा, की खाणीतून ओढ्यात सुटणाऱ्या पाण्याचे नमुने एकाच वेळी घ्यायचे: एक बाटली आमची, एक खाणीची. तांबं मर्यादेबाहेर गेलं की परवान्याची सुनावणी. बाटलीत आधी आम्लाचे थेंब टाकावे लागतात, नाहीतर तांबं बाटलीलाच चिकटून बसतं आणि घाण पाणीही तपासणीत स्वच्छ ठरतं.

त्या दिवशी ओढ्याकाठी धाकटी मला तिच्या नव्या घराचं वर्णन ऐकवत होती. बोलण्याच्या नादात तिने आम्ल न घालताच बाटली भरली. आम्ही समोरासमोर उभ्या होतो. मी अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, बाई, आता सुनावणीत तुझी चांगली जिरवते.

आमच्या बाटलीत तांबं मर्यादेच्या दुप्पट निघालं, खाणीच्या बाटलीत जवळजवळ नाहीच. सुनावणीत खाणीचे वकील खुशीत होते. मी घसा साफ केला, तेवढ्यात धाकटीच उठली.

"आमचा आकडा धरू नका. आम्ल घालायला मी विसरले. ताईचा आकडा खरा आहे."

वकिलांचं तोंड एवढंसं झालं. अध्यक्षांनी पाणी सोडणं लगेच बंद करायला सांगितलं आणि वर धाकटीच्या प्रामाणिकपणाचं तोंडभरून कौतुक केलं. मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही तिथेच होता ना? तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी समोरच्या फाइलची पानं उलटू लागले.

"ताई पाठमोरी होती," धाकटी म्हणाली. "तिला कसं दिसणार?"

म्हणजे मी पाहिलं होतं, हे तिला माहीत होतं. नोकरी तिची जायची वेळ आणि सांभाळून घेतलं तिने मला.

बाहेर तिने विचारलं, "घरी सोडू?"

"नको. आईला काय सांगणार आहेस?"

"तू जिंकलीस म्हणून."

तिचा इतका हेवा मला आजवर कधी वाटला नव्हता.