स्टेअरिंगवरचा दुसरा हात

गाडी शिकताना माणूस स्टेअरिंग दोन्ही हातांनी असं धरतो, की कुणी ओढून नेईल म्हणून भीती वाटावी. लायसन्स हातात पडलं की महिन्याभरात एक हात खिडकीत जातो, तो काही परत येत नाही. आपल्या बहुतेकांच्या घरात हेच चालतं, आणि वर आपण त्याला 'हात बसला' म्हणतो. या कथेतल्या सर्वेयरचाही हात असाच बसलेला होता.

तो विमा कंपनीत कामाला होता. ठोकलेल्या गाड्या पाहायच्या आणि नुकसान ठरवायचं, हे त्याचं रोजचं काम. चेपलेली दारं नि फुटक्या काचा पाहून त्याचा जीव कंटाळून गेला होता. पण स्वतःची गाडी चालवताना हाच माणूस उजवं कोपर खिडकीत टेकवायचा आणि डाव्या हाताची दोन बोटं स्टेअरिंगच्या तळाशी नुसती अडकवून ठेवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

"अहो, दुसरा हात कुठे आहे तुमचा?" बायको विचारायची.

"आहे की, खांद्याला."

सांगून सांगून तीही थकली. मग तिने शेजारी बसून डोळे मिटून घ्यायची सवय लावून घेतली.

सर्वेयरचे वडील मात्र डोळे मिटत नसत. त्यांनी उभं आयुष्य बस चालवली होती. निवृत्तीनंतर पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोलणं हळूहळू परत आलं. हात मांडीवर पडून राहिला. दर दोन-तीन दिवसांनी मुलगा त्यांना व्यायामाच्या उपचारांसाठी दवाखान्यात न्यायचा. साहेबाकडे रजेसाठी तोंड वेंगाडायचं, गर्दीतून वाट काढायची, गाडी लावायला जागा शोधायची, आणि वडील आत मूठ वळायला शिकत असताना बाहेरच्या बाकावर पेंगायचं. दोघेही या फेऱ्यांनी आंबून गेले होते.

"पावणेतीन," गाडी सुरू झाली की वडील म्हणायचे. पावणेतीनला घड्याळाचे काटे असतात तसे दोन्ही बाजूंना दोन हात, असा त्याचा अर्थ.

"बाबा, तुमच्या बसला जोर लावावा लागायचा. हे बघा, एका बोटाने फिरतं."

"फिरतं रे. पण एका बोटाने धरून ठेवता येतं का?"

या प्रश्नाला मुलगा रेडिओ लावून उत्तर द्यायचा.

त्या दुपारीही तसंच झालं. रात्रीची झोप अर्धवट, सकाळपासून तीन गाड्या तपासलेल्या, डोकं जड. पुढे बसथांबा होता, आणि थांब्याच्या अलीकडे खोदून कसाबसा बुजवलेला रस्ता. डावं चाक खड्ड्यात आपटलं आणि स्टेअरिंग त्याच्या बोटांतून गर्रकन निसटलं! गाडी थांब्याकडे वळली. त्याने ब्रेक दाबला, खिडकीतला हात ओढून आणला, पण तोवर पुढचं चाक पदपथावर चढलं होतं.

गाडी थांबली ती एका बाईपासून वीतभर अंतरावर. तिच्या हातातली पिशवी पडली आणि बटाटे रस्ताभर झाले.

"डोळे फुटले का तुमचे!" ती किंचाळली.

सर्वेयर धावत उतरला. वाकून तो बटाटे गोळा करू लागला. "माफ करा हो. रस्ताच बघा ना कसा आहे."

"रस्ता रोजच असा आहे," बाई म्हणाली. "म्हणून तर गाडी नीट धरायची ना!"

तो परत गाडीत येऊन बसला. वडिलांच्या कपाळावर घाम होता. त्यांचा उजवा खांदा अजून वर उचललेला होता, आणि हात मात्र मांडीवरच.

"मी स्टेअरिंग धरायला गेलो रे," ते अडखळत म्हणाले. "सगळा जोर लावला. हात उठलाच नाही."

"बाबा, जाऊ द्या. कुणाला लागलं नाही."

"माझ्या हाताला आजार आहे," वडील म्हणाले. "तुझ्या हाताला काय झालंय?"

या वेळी रेडिओ लावायची सर्वेयरची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात त्या दिवशी तो बाकावर न बसता वडिलांबरोबर आत गेला. उपचार करणारी बाई म्हणाली, "चला आजोबा, मूठ." वडिलांनी दात आवळले, मान ताठ झाली, चेहरा लाल झाला. एक बोट वळलं, मग दुसरं अर्धं. तिसरं हललंसुद्धा नाही. बाईने शाब्बासकी दिली आणि पुन्हा करायला सांगितलं. सर्वेयरने नकळत स्वतःची मूठ वळून पाहिली. काही न करता वळली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की वडिलांकडे बघवेना.

परतताना त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. खांदे भरून आले. उजवा हात दोनदा आपोआप खिडकीकडे निघाला. दोनदा त्याने तो परत आणला. सवय एका दिवसात जात नाही, हे त्याला कळत होतं. घर जवळ आलं तेव्हा वडील काहीच बोलत नाहीत म्हणून त्याने पाहिलं. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना जन्मात ज्यांचा डोळा लागला नव्हता, ते शांत झोपले होते!

वाचकहो, सरळ रस्त्यावर गाडी एका हातानेही चालते, यात वाद नाही. पण दुसरा हात सरळ रस्त्यासाठी नसतो. तो खड्ड्यासाठी असतो, शेजारी विश्वासाने बसलेल्या माणसासाठी असतो, आणि थांब्यावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या, आपलं नावही माहीत नसलेल्या बाईसाठी असतो. तो हात धडधाकट आहे तोवर स्टेअरिंगवर ठेवा.