गळ्यातली शिट्टी

"बापाला खिंडीत बसवलं आणि लेक बाकीच्यांबरोबर शिखरावर गेली," विल्फ म्हणाला. "परत येईतो म्हातारा गायब." विल्फ आमच्या बचाव पथकाचा म्होरक्या, एरवी मेंढ्या पाळतो.

मुलगी, ब्रायोनी, खिंडीतच कुडकुडत उभी होती. अंगात पिवळा सुती शर्ट, त्यावर हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहाचं, नाव. एका दिवसात तीन डोंगर चढायचे आणि त्यावर हॉस्पिससाठी देणग्या मिळवायच्या.

"वेळ कमी होता हो," ती म्हणाली. "बाबाच म्हणाले, तू हो पुढे, मी इथंच आहे."

"शिट्टी आहे त्यांच्याकडे?"

"सगळ्यांच्या गळ्यात आहे."

मग ती वाजत का नव्हती? धुक्यात या खिंडीतून वाट चुकली की माणूस थेट पिअर्सच्या घळीकडे उतरतो. तिथून आम्ही बऱ्याच जणांना वर काढलंय; सगळे जिवंत नव्हते.

"नोरा, तू घळीकडून बघ," विल्फ म्हणाला.

मी माझी कुत्री मॉस सोडली आणि मागोमाग उतरले. दगड निसरडे, हात पुढे केला तर बोटं दिसेनात. मनात शिव्या तयार होत्या. दर उन्हाळ्यात हेच. पुण्य यांचं, गुडघे आमचे.

मॉस भुंकली. अगदी कड्याच्या तोंडाशी.

म्हातारा, क्लाइव्ह, दगडाला टेकून बसला होता, पाय कडेच्या बाहेर, ओठ निळे. मी त्याचा पट्टा धरून त्याला मागं खेचलं, माझा कोट त्याच्याभोवती गुंडाळला. शिट्टी गळ्यातच होती.

"वाजवली का नाहीत?"

"रविवार ना," तो दातांवर दात आपटत म्हणाला. "तुम्ही मंडळी जेवायला बसला असाल. म्हटलं, उगाच कशाला त्रास."

माझं कोकराचं मटण खरंच ओव्हनमध्ये होतं.

"पुढच्या वर्षी सपाट रस्त्यावर चाला."

"सपाट रस्त्याला पैसे कोण देतं, बाई?"

माझा नवरा एडविन त्याच हॉस्पिसात वारला, खिडकीजवळच्या खाटेवर. ती खाट असल्याच कुणाच्या तरी पायपिटीच्या पैशांतून आली होती. शिव्या गिळल्या.

"फुंका आता. लेक वर थांबलीय."

त्यानं शिट्टी आधी बाहीला पुसली. मग चर्चमध्ये खोकावं तशी वाजवली.

"जोरात."

या वेळी घळ दुमदुमली. वर धुक्यातून रडका, संतापलेला आवाज आला, "आता वाजवता होय, बाबा?"