पाण्याचं काम

“जाळ्याकडे बघ बार्बा, माझ्याकडे नको. फोटो काढतायत,” हातात ट्रे घेऊन जाता जाता फ्रोसो ओठ न हलवता म्हणाली.

म्हाताऱ्या सारान्दिसनं, म्हणजे सगळ्यांच्या ‘बार्बा’नं, जाळ्याकडे बघितलं. गेली कित्येक वर्षं तो हे एकच जाळं शिवत होता आणि ते दरवर्षी थोडं जास्तच फाटत होतं. त्याला जाळं शिवता येत नव्हतं. तो नळ दुरुस्त करणारा माणूस. समुद्राची तर त्याला भीतीच वाटे. आयुष्यात त्यानं शेकडो बाथटब बसवले, पण स्वतः एकातही कधी बसला नाही.

पण आमच्या नाफ्प्लिओ बंदरासमोर प्रवाशांचं मोठं जहाज नांगरलं की उतरणाऱ्यांना धक्क्यावर एक म्हातारा कोळी हवा असतो, आणि आमचे खरे कोळी दिसतात बँकेतल्या कारकुनांसारखे. सारान्दिसच्या मिशा मात्र थेट वादळातून आलेल्या. म्हणून फ्रोसोनं त्याला आपल्या कॉफीच्या दुकानाबाहेर टोपी घालून बसवलं होतं, कॉफी आणि दुपारच्या जेवणावर. शेजारी दोरीवर ऑक्टोपस वाळत असे. तो रबरी होता.

“मी उठतो. नात येणार आहे माझी.”

“तिचं जहाज अजून माणसं उतरवतंय. बस की जरा! आणि पाय काय हलवतोस सारखे? कोळी पाय हलवतात?”

“कोट घालून उभा राहणारेय मी. पहिल्यांदा भेटतेय पोरगी. या सोंगात नाही दिसायचं मला तिला.”

“सोंग कसलं? तुझ्या लग्नाच्या फोटोत तरी इतका बरा दिसतोस का?”

तो उठला. समोरच्या चार बायकांनी कॅमेरे खाली घेतले. तो बसला. कॅमेरे वर गेले. पुन्हा उठला. कोट आत खुंटीवर होता, पण तेवढ्यात नुकत्याच लागलेल्या होडीतून उतरलेली एक उंच पोरगी “आजोबा!” असं ओरडत आली आणि तिनं त्याला जाळ्यासकट मिठी मारली. तिच्या शर्टाचं बटण जाळ्यात अडकलं. त्या जाळ्यात सापडलेली ती पहिलीच जिवंत गोष्ट.

ही मातिना. मेलबर्नला जन्मली, तिथंच वाढली. आमची भाषा तिला ‘आजोबा’, ‘फार सुंदर’ आणि ‘बिल द्या’ इतपतच येत होती. तिनं जाळ्याकडे बोट दाखवलं, मग आजोबांकडे, आणि भुवया उंचावल्या.

सारान्दिसनं हनुवटी वर उडवून ‘च्च’ केलं. आमच्याकडे याचा अर्थ ‘मुळीच नाही’. मेलबर्नला बहुधा ‘मग काय तर!’ असा होत असावा. पोरीनं आनंदानं टाळ्या पिटल्या आणि आजोबांचे फोटो काढत सुटली.

“फ्रोसो, तुला इंग्रजी येतं. सांग तिला, मी नळवाला आहे.”

फ्रोसोनं भरलेल्या टेबलांवरून नजर फिरवली आणि पोरीशी काहीतरी बोलली. पोरगी खळखळून हसली.

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, आजोबा फार विनोदी आहेत.”

सारान्दिसनं नातीचा हात धरला आणि तिला ओढतच आत नेलं. संडासाच्या दारापाशी हात धुवायचं बेसिन होतं. तो गुडघ्यांवर बसला, तीही बसली. लोक नातीला किल्ला दाखवतात. यानं बेसिनखालचा पाइप दाखवला. पाइपावर थाप मारली, मग स्वतःच्या छातीवर. तिनं पाइपाकडे आणि त्याच्याकडे बोट केलं : तुम्ही?

“नै! नै!” तो आनंदानं ओरडला.

आमच्या भाषेत ‘नै’ म्हणजे ‘हो’. बाकी बऱ्याच जगात ते उलटं ऐकू येतं, त्याला आमचा इलाज नाही. पोरीचा चेहरा पडला. आजोबांना मोरीचा काहीतरी त्रास आहे असं समजून तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर जहाजाचा भोंगा वाजला. उष्टे कप घेऊन आत आलेली फ्रोसो दोघांना जमिनीवर बघून हसायला लागली.

“हसू नकोस,” सारान्दिस म्हणाला. तो अजून खालीच बसला होता. “मी मेलो की तिकडं त्यांच्या भिंतीवर फोटोत एक कोळी लटकेल. खाली नाव माझं. मेणबत्ती त्याला लावतील. मग मी कुठं जायचं?”

फ्रोसोनं कप ठेवले. या खेपेला ती बराच वेळ बोलली. पोरगी हसली नाही. आजोबांकडे बघत हळूच काहीतरी म्हणाली.

“काय म्हणते?”

“म्हणते, बाबांनी सांगितलेलं, आजोबांचं पाण्याचं काम होतं. तिला वाटलं, समुद्र.”

सारान्दिसचा मुलगा तिकडं मोठा इंजिनियर होता. म्हाताऱ्यानं बेसिनखालच्या पाइपाचा आटा हातानं घट्ट करून बघितला.

“खोटं नाही बोलला तो,” तो म्हणाला.

पोरीनं फोन वर केला. त्यानं तिला हातानं थांबवलं, बेसिनला धरून उठला, टोपी काढली आणि खुंटीवरचा कोट चढवला. तोवर बाहेर कॉफी पिऊन बसलेल्या सगळ्यांनाच संडासाला लागली होती. रांग दारापर्यंत आली. कुणी या पायावर, कुणी त्या पायावर. एकानं खाकरून बघितलं. सारान्दिसनं कुणाला पुढे येऊ दिलं नाही. कोटाची सगळी बटणं लावली. हात कुठे ठेवावेत ते सुचेना, तेव्हा ते शरीरालगत सोडून तो बेसिनशेजारी सरळ उभा राहिला.