उंबऱ्यापासून सारवलेलं माजघर

इंदुकाकू नार्वेकरांच्या माजघरात ओल्या सारवणावर जो पाय ठेवी, त्याचा पाय तिथेच राही. घोट्यापासून अलगद सुटे, जमिनीत बसे, आणि जमीन वाळली की नुसता ठसा उरे. मागल्या वर्षी आलेला एक मुलगा आता बुटांत वर्तमानपत्र कोंबून हिंडतो, हे काकू आल्यागेल्याला कौतुकाने सांगत.

मिहीर सबनीसलाही सांगितलं होतं. त्याने मान डोलावली होती. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पदवीनंतर वर्षभर फिरायचं आणि फिरता फिरता मिळेल ते काम करायचं, असं घरी सांगून तो निघाला होता. काम मिळायचं, टिकायचं मात्र नाही. एका कॅफेत कपबशा विसळायला ठेवलं, तर त्याने मालकालाच कॅफे कसा चालवावा ते समजावलं. आता वर्ष सरलं होतं. सोमवारी नाशिकला कॉलेजात हजर झाला नाही, तर पुढचा प्रवेश जाणार होता. तेव्हा कोकणातल्या या घरी माजघर सारवायचं, पोटभर जेवायचं आणि संध्याकाळची एसटी धरायची, एवढाच बेत होता.

सारवण आतल्या कोपऱ्यापासून धरायचं आणि मागे मागे सरत उंबऱ्याबाहेर पडायचं, हे त्या गावात रांगतं पोरही जाणतं. मिहीरने उंबऱ्यापासून धरलं, कारण चित्रीकरणाला उजेड तिथे बरा होता. फोन लाइव्ह लावून चौकटीला टेकवला, शेणाचं घमेलं ओढलं आणि हसऱ्या तोंडाने आत आत सरकत गेला. काकू दारातून बघत राहिल्या. शहाण्याला अडवू नये, असा त्यांचा नेम होता.

कोपऱ्यात पाठ लागली तेव्हा त्याने समोर पाहिलं. सगळं माजघर ओलं होतं, आणि दार बरंच लांब गेलं होतं. काकू अंगठ्याएवढ्या दिसत होत्या. आवाज मात्र कानाशी येत होता.

"काकू, हे वाळणार कधी?"

"अपुरं सारवण वाळत नाही रे बाबा. पुरं कर, घटकेत खडखडीत."

"मग मी उभा कुठे राहू?"

"ते तू बघायचंस. शिकलेला ना तू?"

त्याने खिडकीच्या गजाला हात घातला. खिडकी वीतभर वर सरकली. त्याने उडी मारली, तशी ती कौलांत जाऊन बसली. दार आणखी लांब गेलं.

बाहेर झोपाळ्यावर काकूंचे यजमान, नाना, चौकटीवरून उचललेला त्याचा फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते. "अरे, बरीच मंडळी बघतायत तुला. एक बाई लिहिते, किती साधं जगणं! दुसरा विचारतोय, इथे आणखी कुणाला काम मिळेल का?"

"नाना, त्यांना सांगा ना, मी इथे—"

"सांगितलं की. या म्हटलं."

पिठल्याला फोडणी बसली. तिकडे वळणावर एसटीने भोंगा वाजवला.

"तुझीच ती," काकू म्हणाल्या. "थांबवते जरा. ड्रायव्हर आमचा भाचाच आहे. किती उरलंय?"

मिहीरने खाली पाहिलं. "दोन पावलांपुरतं."

"मग खोळंबलायस कशाला? एकेक घे."

मिहीरने उजवा पाय वर घेतला, वाकला आणि त्याखालची जागा सारवली. हात गोल फिरवत, कड जुळवत, अगदी नीट. अख्ख्या वर्षात त्याच्या हातून झालेलं पहिलं बरं काम.

"हं, जमतंय की मेल्याला," काकू म्हणाल्या.

घमेल्यात एका पावलापुरतं शेण उरलं होतं. उजवा पाय टेकायला आता कोरडी जागा नव्हती. उरलेलं शेण त्याने ओंजळीत घेतलं आणि एका पायावर डुलत, डाव्या पायाभोवतीची कड सारवायला सुरुवात केली.