सात माणसं गिळल्यानंतर

मी परग्रहावरचा राक्षस बोलतोय. दचकू नका, माझ्या पोटात नुसता स्पंज आहे. उंची अडीच फूट, कातडी रबराची, दात बेचाळीस. सध्या मुक्काम एका आजोबांच्या कपाटावर.

या आजोबांनीच मला घडवलं. तेव्हा ते सिनेमांसाठी मुखवटे आणि बाहुले बनवायचे. माझे दात त्यांनी दोन दिवसांत उरकले, पण पापण्यांवर तीन महिने घालवले. माझ्या मानेमागे सायकलच्या ब्रेकच्या दोन तारा आहेत. त्या ओढल्या की माझे डोळे हळूच मिटतात. "हाही कुणाचा तरी लेक असणार," असं ते तारा ओढताना म्हणायचे.

दिग्दर्शकाला मात्र दातांशीच कर्तव्य होतं. कॅमेऱ्याच्या करामतीने मी यानातली सात माणसं गिळली, पिंपभर लाल रंग सांडला आणि डोळे मिटण्याची सगळी दृश्यं कापली गेली. सिनेमा धो धो चालला, पण फक्त मोठ्यांसाठी. गिळलेल्यांपैकी एक जण जेवणाच्या सुट्टीत मलाच उशाला घेऊन झोपायचा, हे कुणाला सांगून पटायचं नाही.

मग आजोबांच्या नातीने जुन्या कागदांत त्या सिनेमाचं पोस्टर पाहिलं. तेव्हापासून ती या खोलीत पाऊल टाकेना. माझ्यावर चादर घातली तरी नाही. बाबा, आता हे धूड काढून टाका, असं लेकीने सांगितलं तेव्हा आजोबा हो म्हणाले. भंगारवाल्याला शनिवार दिला. मी त्यांना दोष देत नाही. नातीपुढे माझी काय पत्रास?

शनिवारच्या आधी एक चित्रकार बाई आल्या. त्याच सिनेमाचं लहान मुलांसाठी कार्टून व्हायचं होतं म्हणे! त्यांच्याकडे नियमांचा कागद होता. रक्त नको, बंदूक नको, दात नकोत, कुणी मरायचं नाही.

"काका, एवढं काढल्यावर याच्यात उरतं तरी काय?" बाई रडकुंडीला आल्या होत्या.

आजोबांनी चादर काढली आणि तारा ओढल्या. बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा करा ना." आजोबांनी पन्नासेक वेळा तरी केलं असेल.

मी भंगारात न जाता बाईंच्या टेबलावर गेलो. कार्टूनमध्येही मी सात जणांना गिळतो, पण पोटात त्यांना गाद्या-उशा मिळतात आणि मला शिंक आली की सगळे सुखरूप बाहेर पडतात. मग मी कोपऱ्यात बसून डोळे मिटतो. बेचाळीस दातांच्या राक्षसाची ही गत! पण लाज नाही वाटली, फार बरं वाटलं.

नातीने ते कार्टून पाहिलं आणि आजोबांना विचारलं, "तो आता कुठे राहतो? त्याला घरी आणा ना." आजोबा स्वतः मला न्यायला आले. वाटभर मला छातीशी धरून होते.

आता ती रोज स्टुलावर चढते आणि माझ्या कानाशी लागते.

पोरी, एक भीती मात्र पोटात आहे. तू मोठी होशील आणि तो जुना सिनेमा बघशील. बघच, तुझ्या आजोबांचं काम आहे ते. पण तेव्हा समजवायला ते कदाचित नसतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पडद्यावर दिसेल तो मीच, नाकारत नाही. पण तू ज्यांना घाबरतेस त्या गणिताच्या बाईंबद्दल ज्याला सगळं सांगितलंस आणि ज्याने आजवर कुणाला कळू दिलं नाही, तोही मीच आहे.